फायबर होडीवरचा फिशफाइंडर: पडदाभर दाणे, वेगात तळ गायब, खडपालगतचा मासा दिसत नाही. सेटिंग काय ठेवावं?

देवगड_फायबर

होडी २८ फुटी फायबर, मागे २५ एचपीचं एकच आउटबोर्ड. फिशफाइंडर (पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे दाखवणारं यंत्र) ७ इंची, ८०० × ४८० पडदा, ६०० वॉट, ५०/२०० किलोहर्ट्झ, चर्प (एका फ्रिक्वेन्सीऐवजी पट्टा वापरणारं) नाही. ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग) प्लास्टिकचा, ट्रान्समवर (होडीच्या मागच्या भिंतीवर) डाव्या बाजूला, इंजिनच्या पंख्यापासून साधारण फूटभर. करंट इंजिनच्याच १२ व्होल्ट बॅटरीचा, पॅनेलमधून घेतलेला. मालवण-देवगड पट्ट्यात १२ ते २० वावात (वाव म्हणजे साधारण सहा फूट) खडपाच्या (पाण्याखालच्या खडकाच्या) कडेला गळ टाकायला जातो. तांबोशी, गोबरा हे मुख्य. सगळी सेटिंग सध्या ऑटोवर.

अडचणी अशा:

१) वरच्या चार-पाच वावांत पडदा दाण्यांनी भरलेला असतो. इंजिन वाढवलं की उभ्या रेघाही येतात.
२) ६-७ नॉटच्या वर तळाची रेघ तुटते, खोलीचा आकडा लुकलुकतो.
३) माशाची चिन्हं कुठेही उगवतात, गळाला काही नाही. उलट मासा लागतो तिथे पडदा कोरा.
४) खडपाच्या अगदी लगत काय आहे ते कळत नाही, सगळं तळाच्या लाल पट्ट्यात मिसळतं.
५) दोरीला शिसं बांधून मोजलं तर १८ वाव, पडद्यावर सव्वासतरा.

ऑटो सोडून हाताने लावायचं तर सुरुवात कुठून करू? कुठला आकडा किती ते सांगितलंत तर बरं होईल.


कुणकेश्वर_७

आधी ता फिश आयडी बंद कर. ता मासे दाखवणा नाय, बुडबुडे मोजता.


खोलपाणी

वरच्यांनी एका ओळीत सांगितलं ते खरं आहे, तिसरी अडचण तिथेच निम्मी सुटते. फिश आयडी चालू असताना यंत्र पाण्यातल्या प्रत्येक सुट्या प्रतिध्वनीला, म्हणजे बुडबुडा, जेलीफिश, तरंगती पिशवी यातल्या कशालाही, माशाचं चित्र चिकटवतं. आणि तळाला खेटलेला खरा मासा तळाचाच भाग समजून सोडून देतं. बंद केल्यावर कच्चा प्रतिध्वनी दिसतो, तो वाचायला शिकायचा.

आता आकड्यांबद्दल. गेनचा (यंत्र प्रतिध्वनी किती वाढवून दाखवतं त्याचा) आकडा दुसऱ्याच्या होडीवरून उचलू नका. एका कंपनीचा ७० तो दुसरीचा ४५ असतो, शिवाय ट्रान्सड्यूसर कसा बसलाय त्यावर सगळं फिरतं. पद्धत मात्र उचलता येते.

वारा पडलेला असताना १२-१५ वावात, सपाट आणि शक्यतो वाळूच्या तळावर जा. इंजिन बंद. फ्रिक्वेन्सी २००, एकटीच. नॉइज फिल्टर, क्लटर, इंटरफिअरन्स, टीव्हीजी (काही यंत्रांत एसटीसी) सगळं ‘बंद’ किंवा सर्वांत खाली. रेंज हाताने ०-४० वाव. तळाच्या दुप्पट खोलीपेक्षा जास्त रेंज मुद्दाम ठेवायची, कारण आपल्याला दुसरा प्रतिध्वनी बघायचाय. आवाज तळावरून वर येतो, पाण्याच्या पृष्ठावर आणि होडीच्या बुडावर आपटून परत खाली जातो आणि पुन्हा वर येतो. त्यामुळे १५ वावाच्या तळाखाली ३० वावावर त्याच तळाची फिकट सावली उमटते.

गेन शून्याकडे नेऊन हळूहळू वाढवा. आधी तळ दिसेल, मग तळ जाड होईल, मग ती ३० वावावरची सावली उमटेल. ती जेमतेम दिसू लागली की थांबा. आता तळ आणि पृष्ठ यांच्या मधल्या पाण्याकडे बघा. तिथे विरळ, फिकट ठिपके असायला हवेत. एकही ठिपका नसेल तर अजून एक-दोन पायऱ्या वाढवा, धुकं झालं असेल तर तेवढ्याच कमी करा. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसेपर्यंत गेन पाडायचा मोह बऱ्याच जणांना होतो. त्या स्वच्छ चित्रातून मासेही धुऊन निघालेले असतात.

चिखलाच्या तळावर ही युक्ती चालत नाही. गाळ आवाज गिळतो, दुसरा प्रतिध्वनी येतच नाही, आणि तो आणायच्या नादात गेन भलताच चढतो. तिथे फक्त ठिपक्यांवरून ठरवायचं.

गेन लागला की रेंज खोलीच्या सव्वापटीवर आणा: १५ वावाला ०-२०, १८ ला ०-२२ किंवा जवळचा जो टप्पा असेल तो. याचं कारण केवळ चित्र मोठं दिसावं हे नाही. रेंज वाढली की बहुतेक यंत्रं आपोआप पल्सही (आवाजाचा एकेक ठोका) लांबवतात. ०.१ मिलिसेकंदाच्या पल्सला एकाखाली एक असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दिसायला साडेसात सेंटिमीटरचं अंतर पुरतं. ०.५ मिलिसेकंदाला साडेसदतीस लागतं. म्हणजे १५ वावात ०-१०० रेंज ठेवून बसलात तर खडपावर अर्धा हात वर उभा असलेला गोबरा तळातच जमा.

मग टीव्हीजी. वरच्या चार-पाच वावांतले दाणे हे जवळच्या पाण्यातल्या बुडबुड्यांचे आणि सूक्ष्म जीवांचे असतात. जवळचा प्रतिध्वनी मुळातच जोरात येतो, म्हणून यंत्राला सांगावं लागतं की वर कमी ऐक, खाली जास्त ऐक. ते काम टीव्हीजीचं. एकेक पायरी चढवत वरचा भाग निवळेल तेवढंच ठेवा, परिणामाची खोली वेगळी देता येत असेल तर दाणे जिथवर आहेत तिथवरच पुरे. तुम्ही तळाचा मासा धरता म्हणून जास्त ठेवलं तरी नुकसान नाही, पण वरच्या थरातला बांगडा बघायचा असेल तर तोच या टीव्हीजीत गडप होतो.

इंटरफिअरन्सचा फिल्टर शेवटी, तोही ‘लो’. आजूबाजूच्या होड्या त्याच २०० वर असल्या की तिरक्या तुटक रेघा येतात, त्यांच्यासाठीच तो आहे. हा फिल्टर लागोपाठच्या पिंग (यंत्राने सोडलेल्या आवाजाच्या हाका) एकमेकींशी ताडून पाहतो आणि एकाच पिंगमध्ये आलेलं खोडतो. ‘हाय’वर ठेवलात आणि जोरात चाललात तर एक-दोन पिंगमध्येच बीममधून (आवाजाच्या शंकूतून) निसटणारा मासाही खोडला जाईल.

पिंग स्पीड चालताना सर्वांत जास्त. फक्त ५-६ वावाच्या आत आलात आणि मधल्या पाण्यात तळासारखेच आडवे पट्टे दिसू लागले तर कमी करा. ते आधीच्या पिंगचे उरलेले घुमे असतात.

ऑटो गेन मला पटत नाही त्याचं एक कारण आहे. गेन स्थिर असेल तरच तळ कडक झाला की मऊ, हे पट्ट्याच्या जाडीवरून आणि दुसऱ्या प्रतिध्वनीवरून ताडता येतं. ऑटोवर चिखल आला की यंत्र गेन वाढवतं, खडक आला की कमी करतं, आणि दोन्ही तळ पडद्यावर जवळजवळ सारखेच दिसतात. खडपाची कड शोधणाऱ्याला नेमका हा फरकच हवा असतो.


हर्णै_वायरमन

सेटिंगला हात लावायच्या आधी हे करा, नाहीतर फिल्टर वाढवत बसाल.

होडी थांबलेली, इंजिन बंद, व्हीएचएफ वायरलेस, दिवे, मोबाइल चार्जर, जीपीएस सगळं बंद, फक्त फिशफाइंडर चालू. चित्र स्वच्छ आहे का बघा. मग एकेक गोष्ट चालू करत जा: इंजिन, दिवे, वायरलेस, चार्जर. ज्या क्षणी उभ्या रेघा किंवा ठिपक्यांचा पाऊस सुरू होतो ती वस्तू दोषी. स्वस्त एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आणि १२ व्होल्टवरून मोबाइल चार्ज करायचे अडॅप्टर हे नेहमीचे गुन्हेगार. इंजिनच्या रेसबरोबर रेघा दाट होत असतील तर इग्निशन किंवा चार्जिंग कॉइल. प्लग रेझिस्टरचा आहे का ते बघा, बहुतेक प्लगच्या नंबरात त्यासाठी ‘आर’ अक्षर असतं. बिनारेझिस्टरचा प्लग बसवलेला असेल तर ठिणगीबरोबर पडदाही उडतो.

पॅनेलमधून सप्लाय घेतलाय हे आधी बदला. फिशफाइंडरची प्लस-मायनस जोडी थेट बॅटरीच्या टर्मिनलवर न्या. २.५ चौरस मिमी टिन केलेली तांब्याची वायर, दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन, आणि प्लसला बॅटरीजवळ फ्यूज, ३ अँपिअर किंवा यंत्राच्या पुस्तकात लिहिलेला. मायनस इंजिनच्या बॉडीवरून घेऊ नका.

मल्टिमीटर लावून बॅटरीवरचा आणि यंत्राच्या प्लगवरचा व्होल्टेज, यंत्र चालू असताना, दोन्ही मोजा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक म्हणजे मध्ये कुठेतरी हिरवा गंज बसलाय. खाऱ्या हवेत क्रिम्पच्या (दाबून बसवलेल्या जोडाच्या) आत तारेला गंज चढतो, बाहेरून काही दिसत नाही. कापून नवीन क्रिम्प, त्यावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक. इन्सुलेशन टेप लावून मोकळे होऊ नका, त्याखाली पाणी जास्त टिकतं.

ट्रान्सड्यूसरची केबल इंजिनच्या वायरिंगबरोबर एकाच पाइपातून नेलेली असेल तर वेगळी काढा, होडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. जिथे इंजिनच्या वायरला ओलांडावंच लागतं तिथे काटकोनात. उरलेली केबल कापायची नाही. कापून परत जोडलेल्या केबलीतून विजेचा नॉइज शिरतो आणि कंपनी वॉरंटीही मानत नाही. सैल, इंग्रजी आठाच्या आकारात गुंडाळून बांधा.

सर्वांत पटकन होणारी खात्री: यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी आणून फिशफाइंडर तिच्यावर एकट्याने चालवा. रेघा गेल्या तर दोष सप्लायचा. नाही गेल्या तर नॉइज ट्रान्सड्यूसर केबलीतून किंवा पाण्यातून येतोय. ७ इंची यंत्र साधारण १ अँपिअर घेतं, म्हणजे बॅटरी निम्म्याखाली न उतरवता तीनेक तास. अनेक जण पुढे ही व्यवस्थाच कायम ठेवतात, फक्त १२ किंवा १८ एएचची बॅटरी घेऊन. स्टार्टर मारताना यंत्र बंद पडण्याची कटकटही त्यात जाते.


मिऱ्या_किनारा

दुसऱ्या अडचणीवर कोणी बोललं नाही. वेगात तळ तुटणं हे सेटिंगचं काम नाहीच, कितीही गेन चढवा. ट्रान्सड्यूसरच्या तोंडाखालून हवा जातेय. हवेतून हा आवाज जवळजवळ पार होत नाही, बुडबुड्यांचा पातळ थरही पुरतो.

आधी खात्री करा. ७ नॉटवर तळ तुटलेला असताना न्यूट्रल करून लगेच इंजिन बंद करा. मागून येणाऱ्या लाटेकडे लक्ष ठेवून, आणि समुद्र शांत असतानाच. होडी वेगातच आहे पण इंजिन बंद, अशा त्या काही सेकंदांत चित्र तिथल्या तिथे सुधारलं तर दोष विजेचा किंवा पंख्याचा. होडी हळू झाल्यावरच सुधारलं तर बुडबुडे.

तुमचा ट्रान्सड्यूसर डाव्या बाजूला आणि पंख्यापासून फूटभर आहे, दोन्ही गोष्टी खटकतात. मागून पाहताना पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, आणि एकाच इंजिनवर बहुधा तसाच असतो, तर उजवीकडे पाती खाली जातात आणि डावीकडे वर येतात. ट्रान्सड्यूसर पाती खाली जाणाऱ्या बाजूला हवा, म्हणजे उजवीकडे. पंख्यापासून किमान ३८ सेंटिमीटर, आणि सुकाणू पूर्ण वळवल्यावरही पंखा त्याच्या अंगावर येणार नाही इतका लांब.

जागा निवडताना चालत्या होडीत मागे वाकून ट्रान्समखालून निघणारं पाणी बघा. जिथे पाणी काचेसारखं सलग सुटतंय ती जागा. जिथे पांढरा पट्टा निघतो तिथे वर बुडाला पट्टी, स्क्रूचं डोकं, पाण्याचा इनटेक किंवा फायबरचा उंचवटा असतो. त्याच्या रेषेत ट्रान्सड्यूसर नको.

उंची: फायबरच्या बुडाला ट्रान्सड्यूसरचं तोंड बुडाच्या रेषेपेक्षा ३ मिमी खाली, ॲल्युमिनियमला १० मिमी. पुढची कड किंचित वर, मागची किंचित खाली, एक-दोन अंश, म्हणजे पाणी तोंडाला घासून जातं. तरी तुटलं तर एका वेळी ३ मिमी खाली घ्या आणि पुन्हा त्याच वेगाला बघा. फार खाली गेला की मागे पाण्याचा कोंबडा (उंच फवारा) उडायला लागतो, आणि त्यातून नवीन बुडबुडे. तो दिसला की एक पायरी वर.

ब्रॅकेट थेट ट्रान्समला भोकं पाडून लावण्याऐवजी आधी १२ मिमीची एचडीपीईची (कडक प्लास्टिकची) फळी चिकटवा आणि ब्रॅकेट तिला मारा. पुढे जागा सरकवायची झाली तर नवीन भोकं फळीत पडतील, होडीत नाही. पाण्याखालच्या प्रत्येक स्क्रूला मरीन सीलंट. फायबरच्या आत लाकडी गाभा असलेल्या ट्रान्सममध्ये एक कोरडं भोक राहिलं तरी दोन पावसाळ्यांत लाकूड कुजतं.


सागरवेध

चौथ्याचं उत्तर आकडेमोडीत आहे.

तुमच्यासारख्या साध्या ट्रान्सड्यूसरचा बीम २०० वर साधारण १२ अंश आणि ५० वर ४५ अंश असतो, नेमका आकडा पुस्तकात मिळेल. तळावर पडणाऱ्या वर्तुळाचा व्यास १२ अंशाला खोलीच्या पंचमांशाच्या जरा वर, ४५ अंशाला पाच-षष्ठांश. १८ वाव म्हणजे ३३ मीटर. तिथे २०० चं वर्तुळ ७ मीटरचं, ५० चं २७ मीटरचं.

मोठं वर्तुळ म्हणजे जास्त मासे, असं वाटतं. पण यंत्राला फक्त अंतर कळतं, दिशा नाही. बीमच्या मधोमध तळ ३३ मीटरवर आहे. ४५ अंशाच्या काठाला तोच सपाट तळ ट्रान्सड्यूसरपासून तिरका ३५.७ मीटरवर पडतो. म्हणजे काठावरचा मासा तळापासून अडीच-पावणेतीन मीटर उंच असल्याशिवाय मधल्या तळाच्या प्रतिध्वनीतून सुटून दिसणारच नाही. १२ अंशाला हीच झाकली जागा १८ सेंटिमीटर. तुमची तांबोशी आणि गोबरा ५० वर का दिसत नाहीत ते एवढ्यात आलं. तळ उतरता असेल किंवा खडप उभं असेल तर याहून वाईट: वरच्या टोकाचा प्रतिध्वनी आधी येतो आणि पायथ्याशी बसलेलं सगळं त्याच्या मागे लपतं.

म्हणून खडपावर एकट्या २०० वर राहा. जागा शोधताना मात्र ५० घ्या, ४-५ नॉटने. ५० वर तळाच्या पट्ट्याला लांब शेपूट आणि वर कंगोरे दिसले की समजा वर्तुळात कुठेतरी खडप आहे. नेमकं कुठे ते २०० सांगेल. जीपीएसवर खूण करून, वेग ३ नॉटवर आणून, त्यावरून आडवं-उभं जा.

पडदा दोन भागांत करा. एकात पूर्ण पाणी, दुसऱ्यात बॉटम लॉक झूम, ३ वावाचा. बॉटम लॉक तळाला सरळ रेषेत खेचतो, त्यामुळे लाटेने होडी वरखाली झाली तरी तळावरचा मासा वेगळा उभा दिसतो. खडपाचा आकार मात्र यात सपाट होतो, म्हणून तो दुसरा भाग हवा. व्हाइट लाइन किंवा कलर लाइन असेल तर चालू करा. ती सर्वांत जोरदार प्रतिध्वनीला वेगळा रंग देते, आणि तळाला चिकटलेला मासा त्या रंगावर बसलेला फिकट गोळा म्हणून कळतो.

कमानीबद्दल बरेच गैरसमज आहेत. होडी चालत असताना मासा बीमच्या काठातून आत येतो तेव्हा लांब असतो, मध्ये जवळ, जाताना पुन्हा लांब, म्हणून कमान. होडी नांगरावर असेल आणि मासा खाली उभा असेल तर कमान कधीच येणार नाही, आडवी रेघ येईल. रेघ किती लांब यावरून मासा किती मोठा हे ठरत नाही, तो किती वेळ बीममध्ये राहिला एवढंच कळतं. मोठेपणा बघायचा तो जाडीत आणि रंगात. आणि पडद्याच्या उजव्या कडेच्या शेवटच्या उभ्या रेघेत जे आहे तेच आत्ता होडीखाली आहे. बाकीचा सगळा पडदा मागे पडलेलं पाणी.

‘मासा लागतो तिथे पडदा कोरा’ याला आणखी एक कारण आहे. माशाच्या प्रतिध्वनीचा मोठा भाग त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो. घोळीची तीच पिशवी, बोत म्हणून जिला एवढा भाव मिळतो. घोळ, तांबोशी, गोबरा यांचा प्रतिध्वनी त्यामुळे ठसठशीत. सुरमईला ही पिशवी नाही, मोरीला नाही, बोंबलालाही नाही. भलीमोठी सुरमई छोट्या तांबोशीएवढी किंवा त्याहून फिकट दिसते. सुरमईसाठी गेन एखाद-दोन पायऱ्या वर ठेवायचा आणि ठिपके सहन करायचे.

शिवाय सुरमई वरच्या थरात असेल तर फिशफाइंडरवर फार विसंबू नका. ३ वावावर २०० चं वर्तुळ जेमतेम १.१५ मीटर भरतं, आणि होडीच्या आवाजाने मासा त्यातून बाजूला झालेला असतो. तिथे पक्षी, पाण्याचा रंग आणि उडणारी बारीक मासळी जास्त खरं सांगतात.


खोलपाणी

पाचव्याबद्दल: दोरी वाव-वाव हातांनी मोजली असेल तर यंत्राला दोष देऊ नका. यंत्राचा फॅदम बरोबर ६ फूट, १.८३ मीटर. आपला वाव दोन पसरलेल्या हातांएवढा. हात पावणेसहा फूट भरत असतील तर १८ वाव म्हणजे १०३.५ फूट, भागिले सहा, सव्वासतरा. तुमचा आकडा तंतोतंत तोच आहे!

दोरी टेपने मोजून दर १.८३ मीटरवर गाठ मारा. भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यात, होडी वाहत नसताना, दोरी उभी पडेल अशी सोडा. पाण्याला ओढ असेल तर दोरी तिरकी जाते आणि खोली जास्त भरते.

एकदा ५ वावात आणि एकदा २० वावात ताडून बघा. दोन्हीकडे फरक सारखाच, म्हणजे फूट-दीड फूट, असेल तर तो ट्रान्सड्यूसर पाण्याखाली जितका आहे तेवढा. कील ऑफसेट किंवा ट्रान्सड्यूसर डेप्थमध्ये तो अधिक चिन्हाने भरा. फरक खोलीबरोबर वाढत असेल तर तो आवाजाच्या वेगाचा. मेन्यूत ‘फ्रेश वॉटर’ राहिलंय का ते बघा, ‘सॉल्ट वॉटर’ करा. आपल्याकडच्या २८ अंशाच्या खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर जातो. यंत्र १५०० धरून चाललं तर खोली अडीच-पावणेतीन टक्के कमी दाखवतं, १८ वावाला जवळजवळ अर्धा वाव. कॅलिब्रेशनमध्ये वेग टाकायची सोय असेल तर टाका, नसेल तर मनात धरा.

आणि यंत्रावरची खोली नकाशातल्या खोलीशी जुळवायला जाऊ नका. नकाशात ओहोटीच्या खालच्या पातळीपासूनची असते, यंत्र त्या वेळच्या पाण्याची देतं.


वेंगुर्ला_२२

एवढं करण्यापेक्षा चर्पवालं घ्या, सगळे प्रश्न मिटतात.


हर्णै_वायरमन

ज्या बुडबुड्यांतून आणि ज्या वायरीतून आत्ताचं यंत्र बघतंय त्यातूनच चर्पही बघणार. चर्पचा फायदा खरा आहे, एका फ्रिक्वेन्सीऐवजी पट्टा वापरल्यामुळे जवळजवळचे मासे सुटे दिसतात. ५० किलोहर्ट्झचा पट्टा मिळाला तर हिशेबाने दीड सेंटिमीटरपर्यंत. पण त्यासाठी ट्रान्सड्यूसरही चर्पचाच लागतो. जुना ५०/२०० जोडून नुसता डबा बदललात तर पैसे गेले.


देवगड_फायबर

सर्वांचे आभार. वेगळ्या बॅटरीवर लावून बघितलं, उभ्या रेघा पूर्ण गेल्या. दाणे आहेत, पण टीव्हीजीने बरेच निवळले. वेगातली चाचणीही केली: इंजिन बंद केल्यावर लगेच फरक नाही, होडी हळू झाल्यावरच तळ परत येतो. म्हणजे ट्रान्सड्यूसर उजवीकडे हलवायचा. दोन शंका. ट्रान्समला लावण्याऐवजी आतूनच बुडाला इपॉक्सीने चिकटवला तर? आणि बंदीच्या काळात होडीला रंग मारताना ट्रान्सड्यूसरवरही मारावा का?


मिऱ्या_किनारा

आतून चिकटवता येतो, पण तिथे बूड सलग फायबरचं हवं. मध्ये फोम, प्लायवूड किंवा दोन थरांत हवा असेल तर काहीच दिसणार नाही. सलग फायबरमधूनही जाता-येता दोन्ही वेळा आवाज मरतो, आणि पाण्याचं तापमान दाखवणारा सेन्सर निकामी होतो. २० वावापर्यंत बहुधा निभावतं. पण तुम्हाला खडपालगतचा फिकट प्रतिध्वनी हवाय, तेव्हा मी ट्रान्समवरच ठेवीन.

तरी बघायचं असेल तर चिकटवण्याआधी चाचणी घ्या. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून ट्रान्सड्यूसर आत बुडवा, पिशवी बिल्जमध्ये (होडीच्या आत बुडाशी) ठेवून बाहेरही थोडं पाणी ओता, आणि १५ वावात त्याच गेनवर तळाची जाडी आणि दुसरा प्रतिध्वनी बाहेरच्या जागेशी ताडून बघा. जागा मागच्या तिसऱ्या हिश्श्यात, मध्यरेषेजवळ, जिथे चालत्या होडीचं बूड पाण्यातच राहतं. पटलं तर बुडाचं आतलं पृष्ठ ८० नंबरच्या पेपरने घासून, ॲसिटोनने पुसून, सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी ओता आणि ट्रान्सड्यूसर फिरवत दाबा, म्हणजे खालची हवा निघेल. पाच मिनिटांत घट्ट होणारं वापरू नका, त्यात बुडबुडे अडकतात. एकदा चिकटला की काढताना फुटतो.

रंगाचं: बुडाला मारतो तो तांब्याचा, थिनरवाला अँटिफाउलिंग प्लास्टिकच्या तोंडावर नको, त्यातलं सॉल्व्हंट प्लास्टिक खातं. ट्रान्सड्यूसरसाठीचा पाण्यात विरघळणारा रंग मिळतो, त्याचा एकच पातळ हात. तो नसेल तर कोराच ठेवा आणि ऑगस्टमध्ये होडी पाण्यात गेल्यावर दर आठवड्याला साबणाच्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसा. तोंडावर शिंपल्यांचे खडे बसले असतील तर सुरीने खरवडू नका. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने काढा, राहिलेला चुना ओल्या २२० नंबरच्या पेपरने हलक्या हाताने. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन यांतलं काहीही त्या तोंडाला लावायचं नाही.

होडी पाण्यात उतरवल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं चित्र फिकट आलं तर गेन वाढवू नका. कोरड्या तोंडावर हवेचा थर धरून राहतो. उतरवण्याआधी भांडी घासायच्या साबणाचं पाणी बोटाने चोळलंत तर तो लगेच सुटतो.